मामाजींचा कोरडा घास

मी सून म्हणून रोहण्याला आले, त्याच हिवाळ्यात मामाजींचं जेवण कमी झालं. मामाजी म्हणजे माझे सासरे. सत्तरी उलटलेली, पण रोज कपाशीच्या वावरात चक्कर मारणारे. त्यांच्या खाण्याचं कौतुक मी पिपरीला, माहेरीच ऐकलं होतं. आणि माझ्यासमोर ते भाकर चिवडत बसत, घासागणिक तांब्या तोंडाला लावत आणि अर्ध्या ताटावरून उठत.

मी पीठ आणखी बारीक दळून पाहिलं, भाकर पातळ थापून पाहिली. फरक पडेना. शेजारच्या काकू एकदा सासूबाईंना म्हणाल्या, "आधी तं चांगल्या दोन भाकरी खात होते. सुनेच्या हाताले चव नसंन."

 मी ते चुलीपुढे बसून ऐकलं आणि डोळे पुसले.

दोन दिवसांनी धीर करून मी मामाजींनाच विचारलं. नव्या सुनेनं असं विचारायची पद्धत नव्हती. "मामाजी, माझ्या हातची भाकर आवडत नाही का तुम्हाला?"

ते चकित झाले. "तुह्या भाकरीले काय झालं माय? गोड हाय. घास तोंडात नुसता फिरत राह्यते, खाली सरकत नाई. पाणी पेलं तं पाणी जाते, घास तिथंच."

हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. यजमान त्यांना छोट्या रेल्वेनं आर्वीच्या डॉक्टरांकडे न्यायला निघाले, तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "तूबी जाजो. रांधतं तू, तं डॉक्टरचं तूच आयकजो."

डॉक्टर सावकाश काम करणारे होते. त्यांनी जीभ पाहिली, जबड्याखाली दाबून पाहिलं, गालाला आतून एक चपटी काडी लावली. ती तिथंच चिकटली.

"आजोबा, लाळ म्हणजे नुसतं पाणी नसतं," ते म्हणाले. "तिच्यात अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा एक बुळबुळीत पदार्थ असतो. प्रथिनाचाच प्रकार. जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथी तो बनवतात. त्याच्यामुळे घास घसरतो. वय झालं की या ग्रंथी थकतात, पदार्थ कमी तयार होतो. पाण्यानं घास भिजेल, पण घसरणार नाही."

"मंग दवाई?" मामाजींनी विचारलं.

"ग्रंथी तरुण करायचं औषध माझ्याकडे नाही. पातळ, बुळबुळीत खा. जेवणाआधी आवळ्याची फोड चघळा, म्हणजे आहे तेवढी लाळ तरी सुटेल."

"मनजे मले रोग नाई?"

"नाही. म्हातारपण आहे."

"ते तं मले मालूम होतं," मामाजी म्हणाले आणि मोकळं हसले. परतीच्या गाडीत शेजारी बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं.

बुळबुळीत म्हणताच सासूबाईंना जवस आठवला. त्यांनी मूठभर जवस पाण्यात भिजत घातला. सकाळी पाणी दाट, तार सुटणारं झालं होतं. मी ते गाळून मीठ-जिरं घालून उकळलं, पण जरा जास्तच आटलं. मामाजींनी बोटानं तार ओढून पाहिली. "सूनबाई, हा तं डिंक झाला."

दुसऱ्या दिवशी मी ते पातळ ठेवलं, भाकर कुस्करून त्यात कालवली आणि जोडीला भेंडीची रसभाजी केली. ते हळूहळू जेवत राहिले. शेवटी ताट बोटानं निपटून म्हणाले, "आणखी हाय काय?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून भाकर आणली. त्या दिवशी मलाही भूक चांगली लागली.

उन्हाळ्यात आर्वीला नात्यातलं लग्न होतं. मामाजी जवसाच्या पाण्याचा छोटा लोटा घेऊन पंगतीत बसले. शेजारी बसलेल्या त्यांच्याच वयाच्या पाहुण्यांनी विचारलं, "लोट्यात काय आणलं, पाटील?"

"घासाले वंगण," मामाजी म्हणाले, आणि त्यांच्याही भातावर थोडं ओतलं. पंगत आटोपत आली तरी दोघं म्हातारे निवांत जेवत होते. पुढच्या पंगतीची माणसं मांडवाबाहेर उभी होती, पण कुणी घाई केली नाही. मी वाकून दोघांना आणखी वरण वाढलं.