बावन्नावं पान

दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी तिने अठ्ठाविसावं पान उचललं, डोळ्यांजवळ धरलं आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी दोन आडव्या रेघा मारल्या. रेघांवर एक शब्द लिहिला: पुढे. पान परत स्टँडवर ठेवलं, काठ सरळ केला आणि एकोणतिसावं उचललं. सभागृहात दिवे अर्धेच लागले होते. मागे मांडणीवाला खुर्च्या मोजत होता, नेहमीसारखा मोठ्याने, आणि नेहमीसारखा मध्येच चुकून पहिल्यापासून.

वाद्यवृंदातल्या प्रत्येकाच्या समोर काय कागद असेल, हे पाहणं तिचं काम. तळमजल्यावर तिची खोली आहे, कपाटांनी भरलेली, खिडकी नसलेली. भाड्याने आलेले स्वरलिपीचे संच तिथे मोजून घ्यायचे, फाटलेले कोपरे चिकटवायचे, संचालकांनी केलेले बदल प्रत्येक पानावर उतरवायचे आणि कार्यक्रम झाला की सगळं खोडून संच परत पाठवायचा. हे काम ती दहा वर्षं करते आहे. त्याआधी चौदा वर्षं ती याच मंचावर, अगदी मागच्या ओळीत, टिंपनीपाशी उभी असायची. टिंपनी म्हणजे तांब्याचे फुगीर पोटाचे नगारे. ती ते इतके हलके वाजवू शकायची की पुढच्या रांगेतल्या माणसाला आवाजाच्या आधी अंगावर काटा यायचा. हे जुने लोक सांगतात. ती स्वतः सांगत नाही.

त्या दिवशीच्या कार्यक्रमाचं नाव ‘आमची आवडती स्केर्झो’. कल्पना संचालकांची. सिंफनीचे साधारण चार भाग, त्यातला स्केर्झो हा खोडकर भाग. धावणारा, अडखळायला लावणारा, चेहरा गंभीर ठेवून चिमटा काढणारा. पाच वादकांनी आपापली आवड निवडायची आणि ती का, हे कार्यक्रमपत्रिकेत चार ओळींत लिहायचं. डबल बेसवाल्याने बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीतलं निवडलं, कारण त्यात मधेच डबल बेस मोकाट सुटतात आणि ‘जन्मात एकदा तरी लोक आमच्याकडे बघतात’. ओबोवालीने द्वोर्झाकच्या सातवीतलं मागितलं, कारण ते ऐकून तिचे पाय आपोआप हलतात. शेवटचं स्केर्झो एका विसरल्या गेलेल्या संगीतकाराचं होतं. ते निवडलं होतं लीडरने.

लीडर म्हणजे पहिल्या खुर्चीवरचा व्हायोलिनवादक. संचालकांचा उजवा हात, आणि तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

पत्रिकेची छपाईपूर्व प्रत तपासणं हेही तिच्याच गळ्यात असतं. त्यामुळे लीडरच्या चार ओळी सगळ्यांत आधी तिने वाचल्या. ‘अकरा वर्षांपूर्वी याच स्केर्झोत, सगळं सभागृह श्वास रोखून बसलेलं असताना, आमच्या टिंपनीवाल्या बाईंनी असा एक ठोका हाणला की पहिल्या रांगेतल्या एका आजोबांची कवळी निसटली. तेव्हापासून हे माझं आवडतं.’ कवळीचं खोटं होतं. ठोका खरा होता.

तिने त्या ओळींत एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि प्रत छापायला पाठवली.

झालं होतं ते असं. स्केर्झोची बांधणी ठरलेली असते. पहिला तुकडा, मग तोच पुन्हा. दुसरा तुकडा, मग तोही पुन्हा. मग मधला शांत भाग, आणि मग सुरुवातीचं सगळं एकदा परत. तुकडा पुन्हा वाजवायचा की पुढे जायचं, हे संचालक ठरवतात. या स्केर्झोचा पहिला तुकडा टिंपनीच्या एका ठोक्याने सुरू होतो. त्या वेळी दुसरं कोणी काही वाजवत नाही. अकरा वर्षांपूर्वी, तालीम संपल्यावर, तेव्हाच्या संचालकांनी पहिल्या तुकड्याची पुनरावृत्ती गाळली. असे बदल तेव्हा तोंडी असत. लीडरने मागच्या ओळींपर्यंत पोचवायचे. कार्यक्रमाला दहा मिनिटं असताना तिने त्याला मंचामागच्या बोळात गाठून विचारलं होतं, “भाऊजी, काही बदल?”

तो व्हायोलिनच्या गजाला राळ लावत होता. “काही नाही,” म्हणाला.

तुकडा संपला, दोन मात्रांची शांतता आली, आणि जिथून लीडरचं व्हायोलिन पुढे जाणार होतं तिथे, त्याचा गज तारेला लागायच्या आत, तिने एकटीने, सगळ्या ताकदीने, पहिल्यापासून सुरुवात केली. कार्यक्रम रेडिओवरून थेट चालू होता.

त्याच्या विसरण्याचा तिला राग नव्हता. माणूस विसरतो. दुसऱ्या दिवशी चौकशीत तो म्हणाला, “मी सांगितलं होतं.” राग त्या तीन शब्दांचा होता. मांडणीवाला बोळातच होता. तो म्हणाला, मी खुर्च्या मोजत होतो, मला काय ठाऊक. तिला मागच्या ओळीतून काढून वर्षभर घरी बसवलं आणि मग तळमजल्यावर पाठवलं. त्यानंतर नियम झाला की प्रत्येक बदल प्रत्येक पानावर लेखी हवा. नियमाचा कागद तिच्या दारावर चिकटवलेला आहे. तो तिनेच टंकलिखित केला होता.

घरात तिचं नाव ‘ठो’ पडलं. ताईच्या मुली तिला ठोमावशी म्हणत मोठ्या झाल्या, प्रेमाने म्हणत, कारण त्यांना दुसरं नाव माहीतच नव्हतं. दर वाढदिवसाला भाऊजी टेबलावर चमचा आपटून तो प्रसंग करून दाखवत. पाहुणे हसत. ती पाणी वाढायला उठे.

कोणी विचारलं असतं तर तिचंही आवडतं स्केर्झो हेच होतं. पण वादकांनाच विचारलं होतं.

तर त्या दुपारी तालीम आटपल्यावर संचालकांनी तिच्या हातात चिठ्ठी दिली. रेडिओवर आठच्या बातम्या आहेत, तीन मिनिटं कापायला हवीत. शेवटच्या स्केर्झोत दुसऱ्या तुकड्याची पुनरावृत्ती नको, सरळ शांत भागात जायचं. “सगळ्यांच्या पानावर येऊ द्या,” ते म्हणाले आणि झोपायला गेले.

दुसरा तुकडा एकट्या व्हायोलिनच्या झपाट्याने सुरू होतो. लीडर एकटा, चार मात्रा, शक्य तितक्या जोराने. बाकीचे गप्प.

तिने चिठ्ठी दोनदा वाचली. मग पेन्सिलीला टोक केलं.

सहाला पाच कमी असताना एकावन्न पानं झाली. बावन्नाव्या जागी, पहिल्या स्टँडवर, काहीच नव्हतं. लीडर एकल वादनाचं पान घरी घेऊन जातो. नियमात ते बसत नाही, पण पहिल्या खुर्चीला नियम थोडे सैल असतात. तालीम संपली की पान पेटीत, पेटी खांद्यावर, आणि तो बाहेर.

“बाई, पुढचा स्टँड रिकामा दिसतोय,” मांडणीवाला म्हणाला.

“पान त्यांच्याकडे आहे.”

“मग फोन लावून सांगा. नाहीतर परत काहीतरी व्हायचं.”

“सांगते.”

तिने फोन काढला. ताईच्या घरचा नंबर तिला पाठ होता. अशा वेळी तो दुपारची झोप काढून चहा घेत असतो हेही पाठ होतं. तिने फोन हातात धरला, त्याचा पडदा आपोआप काळा होईपर्यंत धरला, आणि खिशात ठेवला. चुकलं तर तिची खोलीही जाणार होती. पेन्शनला सहा वर्षं होती. याचाही तिने विचार केला, आणि तो पेन्सिलीच्या भुशासारखा हातावरून झटकला.

पावणेसातला तो आला. काळा कोट, केस बसवलेले, हातात गज. त्याच बोळात, त्याच दिव्याखाली थांबून तो राळ लावायला लागला. मांडणीवाला पलीकडे दाराला टेकून उभा होता.

“काय ठो, पत्रिका वाचलीस ना? राग नाही ना आला?”

“कवळी नव्हती कोणाची निसटली.”

“अगं, जरा मीठमसाला नको का? लोकांना गंमत वाटते.” त्याने गजावर फुंकर मारली. “बरं, काही बदल?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्याने हा प्रश्न तिला प्रथमच विचारला होता; एरवी तो पानात बघतो.

“काही नाही,” ती म्हणाली.

कार्यक्रम रंगला. डबल बेसकडे लोकांनी खरोखर पाहिलं. ओबोवालीचे पाय हलत होते. ती स्वतः मंचाच्या बाजूला पडद्याआड उभी राहिली, जिथे ती कधी उभी राहत नाही. शेवटचं स्केर्झो सुरू झालं तेव्हा आठला नऊ मिनिटं होती. टिंपनीचा ठोका पडला, नीट, आपल्या जागी. दुसरा तुकडा एकदा झाला. दोन मात्रांची शांतता आली. चेलोवाल्यांनी गज तारांवर टेकवले, इतके अलगद की ऐकू येण्याआधी दिसत होतं.

आणि लीडरने एकट्याने झपाटा मारला.

चारही मात्रा पूर्ण वाजल्या. सवयीचा हात मध्ये थांबत नाही. पहिल्या मात्रेला संचालकांचा हात हवेत लटकला, दुसरीला शेजारचा वादक वळला, चौथीला गॅलरीत कोणीतरी हसलं. रेडिओवर हे सगळं गेलं. मग चेलो चालू झाले, आणि त्याची मान लाल झालेली मागच्या ओळीपर्यंत दिसली.

चौकशीला दुसरा दिवस लागला नाही. संचालक बोळातच थांबले होते.

“माझ्या पानावर काही नव्हतं,” लीडर म्हणाला. “आणि मी विचारलं हिला. ही नाही म्हणाली.”

“पान तुमच्या पेटीत होतं,” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं.”

“केव्हा? कधी सांगितलंस?”

“मी सांगितलं होतं,” तिने तितक्याच आवाजात परत म्हटलं.

संचालक मांडणीवाल्याकडे वळले. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. “मी खुर्च्या मोजत होतो, साहेब,” तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता आत गेला.

संचालक थकलेले होते. पान घरी नेणं बंद, कोणाचंही, असं त्यांनी जाहीर केलं आणि लीडरला उद्या बाराला भेटायला सांगितलं. तो काही बोलायला गेला, पण बोळात तोवर अर्धा वाद्यवृंद जमला होता. कोणीतरी पेटी बंद करताना हळूच म्हणालं, “पत्रिका पुन्हा छापावी लागणार.”

ताई श्रोत्यांमध्ये होती. ती बाहेरच्या दारापाशी दोघांचे कोट घेऊन उभी होती. नवरा गाडीकडे गेला तरी ती थांबली.

“तू खरंच सांगितलं होतंस त्यांना?”

“हो.”

ताईने कोटाची कॉलर सारखी केली. “तेही तेव्हा हेच म्हणाले होते,” ती म्हणाली. “मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं.”

“मग बोलली का नाहीस, ताई?”

“आता तरी कुठे बोलतेय.”

ती गाडीकडे निघाली. चार पावलांवर थांबली, मागे न वळता म्हणाली, “रविवारी जेवायला येऊ नकोस. थोडे दिवस.” दार लागलं, गाडी सुरू झाली.

ती परत मंचावर आली आणि पानं गोळा केली. एकावन्न. बावन्नावं पहिल्या स्टँडवर पडलेलं होतं, काठ चुरगळलेला. तिने तो बोटाने सपाट केला आणि पान सगळ्यांत वर ठेवलं.

संच भाड्याचा आहे. उद्या अकराला तो न्यायला माणूस येईल, त्यामुळे उद्या नऊला ती खोली उघडेल आणि खोडरबर घेऊन बसेल. एकावन्न पानांवर खोडायचं आहे. बावन्नावं कोरंच आहे.