हलकंच म्हणायची सवय

पॉलिशवाले तात्या डोळ्यांवर कधी विसंबले नाहीत. लाकूड घासून झालं की डोळे मिटायचे आणि उजवा तळवा त्यावरून एकदा सावकाश फिरवायचे. कुठे केसाएवढी खरखर राहिली असेल तर तळवा अडायचा. मग पुन्हा घासणं आलं. मालक घाई करायचा, जोडीदार वैतागायचा, तात्या ढिम्म. अर्धवट घासलेल्या लाकडावर पॉलिश लावणं म्हणजे आंघोळ न करता नवा सदरा चढवणं, असं ते म्हणत.

एकदा कपाटाची काच निखळली आणि त्यांच्या मनगटात घुसली. टाके पडले, जखम भरली, पण तळव्याची आग काही जाईना. बाही नुसती लागली तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं, आणि खरोखर कुसळ टोचलं तर पत्ताच नसायचा. लोक म्हणत, वरून तर काही दिसत नाही. दिसत नव्हतंच. काम सुटलं. रस्त्यानं कायम उजव्या हाताला चालणारी बायको डावीकडे आली.

दुखणं तात्या सोसत होते. सोसवत नव्हतं ते लाकडावाचून राहणं. कुठेही चांगलं घासलेलं टेबल दिसलं की हात आपसूक पुढे जायचा आणि ते तो ओढून घ्यायचे.

मोठ्या रुग्णालयात अशाच दुखण्यावर संशोधन चाललं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं.

"कातडी भरून आली, पण आतली नस चुकीची सांधली. हात लागल्याचा निरोप मेंदूत आगीचा म्हणून पोचतो. आम्ही एक पट्टी तपासतोय. काहींना औषधाची मिळेल, काहींना नुसतीच. कुणाला कुठली, ते मलाही माहीत नसेल."

"आणि लाकूड कळेल?"

"आग कमी होते का, एवढंच बघतोय. गेलेला स्पर्श परत येईल असं मी सांगणार नाही."

मग त्यांनी मऊ ब्रश काढला. काहीच दुखत नसेल तर शून्य म्हणायचं, सोसण्यापलीकडे असेल तर दहा. ब्रश तळव्यावरून फिरला. तात्यांच्या कपाळावर घाम आला, चपलेत पायाची बोटं वळली.

"दोन," तात्या म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी ब्रश ठेवला. इतकं कमी दुखत असेल तर पट्टीनं फरक पडला की नाही तेच कळायचं नाही, म्हणून या अभ्यासात घेता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तात्या मान डोलावून बाहेर आले. बाकावर बायको बसली होती.

"किती म्हणालात?"

"दोन."

"दोन? काल टॉवेल लागला तर भिंतीला कपाळ टेकून उभे होतात. बाकीचे आठ काय माहेरी पाठवलेत?"

"अगं, परक्या बाईसमोर रडगाणं गायचं का?"

खरी गोष्ट वेगळीच होती. कारखान्यात चौघं मिळून कपाट जिन्यानं चढवत, तेव्हा कुणी "जमतंय का?" विचारलं तर एकच उत्तर द्यायचं: हलकंच आहे. एकानं जड म्हटलं की चौघांचे हात सुटतात. तात्यांनी उभ्या जन्मात दुसरं उत्तर दिलं नव्हतं. पुढे पुढे तर विचारणाऱ्यालाच नाही, स्वतःलाही तेच सांगायची सवय लागली.

बायकोनं त्यांची डावी बाही धरली आणि परत आत नेऊन कपाटाच्या ‘हलकंच आहे’सकट सगळं सांगून टाकलं. बाई ऐकत राहिल्या.

"आत्ताच्या आत्ता आकडा बदलता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी वरिष्ठांना विचारते. परवानगी मिळाली तर दुसरं कुणीतरी पुन्हा तपासेल. पण तात्या, इथलं कपाट तुमच्या एकट्याच्या हातात आहे. जड म्हणालात तर कुणाचं बोट चेंगरणार नाही."

परवानगी मिळाली. दुसऱ्या डॉक्टरांनी ब्रश फिरवला. तात्यांच्या ओठांवर पुन्हा ‘दोन’च आलं होतं, ते त्यांनी गिळलं. कपाट उचलायला कधी एवढा जोर लागला नव्हता.

"आठ," ते म्हणाले, आणि शिवी तोंडून निसटावी तसे ओशाळून खिडकीकडे बघायला लागले.

पट्ट्या सुरू झाल्या. हळूहळू आग निवत गेली. औषधानं की नुसत्या पट्टीनं, ते अभ्यास संपेपर्यंत कळणार नव्हतं. बाही लागली तरी आता दचकायला होईना, तसे तात्या एका दुपारी कारखान्यात गेले.

"या, साहेब," जोडीदार म्हणाला. "हे टेबल तुमच्याशिवाय घासलंय. काढा खोड."

तात्यांनी डोळे मिटले, उजवा तळवा लाकडावर ठेवला. जाळ उठला नाही. लाकूड गार आहे एवढं कळलं. पुढे फिरवला. काहीच कळेना, जणू दुसऱ्याच्या हातमोज्यात हात घातलाय.

"काय? राहिलंय कुठे?"

तात्यांनी डावा तळवा फिरवून बघितला.

"नाही. चांगलं उतरलंय."

"मग लावू पॉलिश?"

"थांब जरा."

जोडीदार चहा सांगायला गेला. तात्यांनी उजवा हात उचलला नाही. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ते तसेच उभे राहिले.