मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याची चिठ्ठी

माझ्या चिठ्ठीवर 'गटप्रमुख' असं लिहिलं होतं. मी स्वतः उचललेली चिठ्ठी. स्टीलच्या डब्यात हात घालून, सगळ्यांसारखी.

गोंदियातल्या एका मोठ्या कॉलेजात प्राध्यापकांचं प्रशिक्षण होतं. विषय समस्याधारित अध्ययन. म्हणजे मास्तरने फळ्यापुढे उभं राहून बडबडत सुटायचं नाही. मुलांपुढे एक अडचण ठेवायची, त्यांचे गट करायचे, आणि मुलांनीच आपसांत बोलून, भांडून, इंटरनेटवर शोधून वाट काढायची. शिकवायला पुण्याहून एक सर आले होते. त्यांनी आम्हालाच विद्यार्थी बनवून गोल टेबलांभोवती बसवलं होतं. कोणी काय व्हायचं ते चिठ्ठीने ठरणार होतं. कोणी गटप्रमुख, कोणी नोंदी घेणारा, कोणी वेळ पाहणारा. एक चिठ्ठी होती 'मागे पडणारा विद्यार्थी'. ती आमच्या विभागप्रमुखांना आली.

त्यांनी ती वाचली, हसले, आणि माझ्या बोटांतली चिठ्ठी काढून घेतली. विचारलं नाही. आपली चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

"तुम्ही हे घ्या मॅडम. तुम्हाला नॅचरल जमून जाईल."

टेबल हसलं. मीही हसले. सगळ्यात जास्त राग मला त्या माझ्या हसण्याचाच येतो.

मी देवरी तालुक्यातली. गोंड. बाप तेंदूपत्ता तोडायचा, आई पहाटे मोहफुलं वेचायला जायची. मी भूगोलात एम.ए. केलं, नेट झाले, पीएच.डी. झाले. आणि तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे पक्की नोकरी नाही. दर वर्षी सत्र संपलं की मी संपते, आणि नवा आदेश निघाला की पुन्हा सुरू होते. आदेश निघायला विभागप्रमुखांचा शब्द लागतो. म्हणून हसले.

पुण्याच्या सरांनी वेबसाइटवरून समस्या काढून भिंतीवर दाखवली. महानगरातली वाहतूक कोंडी. आमच्याकडे कोंडी म्हणजे कोहमाऱ्याच्या चौकात एखादा ट्रक आडवा होतो तेवढीच. पण गट जोरात चर्चा करू लागला. विभागप्रमुख माझ्या चिठ्ठीवर बसून सगळ्यांना बोलायची संधी देत होते. मी गप्प होते. मग पुण्याचे सर माझ्या खुर्चीपाशी वाकले आणि फार गोड आवाजात म्हणाले की बोला ना, तुमच्या गावाकडची एखादी मुलगी बोलेल तसं बोला.

मी म्हटलं, "मले काही समजून नाही राहिलं, सर."

खरंच समजत नव्हतं. माझी चिठ्ठी बघता बघता दुसऱ्याची कशी झाली, आणि टेबलावरच्या एकालाही त्यात काही चुकीचं कसं वाटलं नाही.

"वा. किती अस्सल!" पुण्याचे सर म्हणाले. आता सगळा हॉल हसला. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि तो माझ्याकडे धरलेला होता. ते मी पाहिलं. कशासाठी, असं विचारलं नाही.

आई गोंडीत म्हणायची ते मराठीत सांगते. गोड बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नको, हाताकडे पाहा. मी लहानपणापासून हातच पाहत आले आहे. आमच्या शाळेत साहेब तपासणीला यायचे तेव्हा गुरुजी फार मायेने बोलायचे. आमच्या टोलीतल्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या पोरांना जवळ घेऊन म्हणायचे, जा रे बाळांनो, मागचं रान साफ करा, तुम्ही फार कामाची पोरं. आम्ही फुशारून जायचो. एका वर्षी साहेबांनी वर्गात नद्यांची नावं विचारली. वर्गातली पोरं अडखळत होती आणि मी हातात गवत धरून खिडकीबाहेर उभी राहून सगळ्या नद्या मनात म्हणत होते. तेव्हा मला कळलं की आम्ही कामाची पोरं नाही, लपवायची पोरं आहोत. त्या दिवसापासून कोणी मला 'प्लीज' म्हटलं की मी आधी दाराकडे बघते.

पण एक सांगते. ती पद्धत वाईट नव्हती. वाईट असती तर मी चिठ्ठी फेकून, चहा पिऊन परत आले असते. मला ती आवडली होती. गटप्रमुख व्हायचं होतं मला. माझ्यातला मास्तर उठून बसला होता आणि त्याच वेळी त्याला खाली बसवलं गेलं. हे जास्त झोंबतं.

परत आल्यावर मी वर्गात ती करून पाहिली. वाहतूक कोंडी बाजूला ठेवली. मुलांना विचारलं, यंदा आपल्या गावच्या तलावात पाणी आहे, तरी खालच्या बांध्यांना ते काऊन नाही पोचलं? बांध्या म्हणजे धानाची शेतं. वर्ग असा पेटला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. फुलवंता नावाची एक मुलगी आहे. पहिल्या बाकावर बसते, पण वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. ती उठून एका मोठ्या शेतकऱ्याच्या मुलाशी भांडली. पाट कोण अडवतं, कोणाच्या शेताशी अडवतं, सगळं बोलली. तोही गप्प बसला नाही. तास संपला तरी दोघं व्हरांड्यात भांडत होते. मी घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते.

मग काही आठवड्यांनी कोहमाऱ्याला बसची वाट बघत मोबाइल चाळत होते. पुण्याच्या सरांची वेबसाइट उघडली. काहीतरी नवीन मिळेल म्हणून. मिळालं. मीच मिळाले. गोल टेबल, मी, आणि माझं 'मले काही समजून नाही राहिलं, सर'. खाली लिहिलं होतं, 'ग्रामीण भागातील मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यास गटात कसे सामावून घ्यावे'. मी शिक्षिका आहे हे कुठेही नव्हतं. बाजूला धाब्यावर लोक जेवत होते. बस आली, गेली, मी तिथेच बसून राहिले.

विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले की अरे, चांगलंच आहे ना, आपल्या कॉलेजचे लोक दिसून राहिले त्यात. आणि लगेच दुसरं सांगितलं. पुण्याचे सर आपल्याकडे येणार, आपल्याच वर्गावर एक नमुना तास चित्रित करणार, राज्यभरच्या प्राध्यापकांना तो वेबवर दाखवणार. वर्ग तुमचा घेऊ. मी विचारलं, माझाच कशाला? ते म्हणाले, तुमच्याकडे तशी मुलं आहेत ना.

कशी मुलं, हे मी विचारलं नाही. पण कुठेतरी पाणी मुरतंय हे कळलं. जाता जाता खांद्यावरून मागे बघत ते म्हणाले, "आणि तुमच्या पुढच्या वर्षीचं आम्ही पाहूनच राहिलो आहोत."

सर आले. गाडीतून कॅमेरा, दिवे, टॅब उतरले. पोरं नवे कपडे घालून आली होती. फुलवंताने केसांना तेल लावून लाल रिबीन बांधली होती. मग पुण्याच्या सरांनी समजावून सांगितलं. तास दोन भागांत दिसणार. 'आधी' आणि 'नंतर'. 'आधी'मध्ये मी फळ्यापुढे उभी राहून व्याख्या सांगायची, प्रश्न विचारायचा, आणि मुलांनी मुकं बसायचं. एखादीने उठून येत नाही म्हणायचं. 'नंतर'मध्ये विभागप्रमुख टॅब घेऊन आत येणार, गट करणार, आणि तीच मुलं घडाघडा बोलू लागणार.

प्रश्नही त्यांनीच निवडला होता. तलावाचं पाणी खालच्या शेतांना का पोचत नाही? विभागप्रमुखांनी त्यांना तो दिला होता. आपला म्हणून.

मी हे सगळं ऐकून घेतलं. मी फळ्यापाशी जाऊन उभीही राहिले. खडू हातात घेतला. हे मी लपवत नाही. आदेशाची भीती अशी असते की पाय आपोआप सांगितल्या जागी जातात. 'येत नाही' म्हणायला पुण्याच्या सरांनी फुलवंताला निवडलं. चेहरा फार बोलका आहे म्हणे. तिला उभं केलं. तिने त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी त्या व्हिडिओत म्हनल्या होत्या तसंच म्हनाचं काय?"

वर्गात कोणी हसलं नाही. म्हणजे सगळ्यांनी पाहिला होता. इतके दिवस पाहून, माझ्यासमोर बसून, एकाही पोराने मला दाखवलं नव्हतं की पाहिला.

तिने पुन्हा विचारलं. "मले येते ना पन. येते तरी नाही येत म्हनाचं? काऊन?"

मी खडू ठेवला. कॅमेरावाल्याला म्हटलं, बंद करा. तो पुण्याच्या सरांकडे बघू लागला. मी पुन्हा म्हटलं, बंद करा. मग सांगितलं की ही मुलं मुकी बसणार नाहीत. त्यांना बोलतं केलं हे दाखवायला आधी त्यांना मुकं करावं लागतं, तर तो तास नाही, तमाशा आहे.

"मॅडम, नाटकच तर आहे," विभागप्रमुख म्हणाले.

"मग तुम्ही बसा त्या बाकावर. तुम्ही म्हणा, मले येत नाही. मी टॅब घेऊन आत येते."

ते बसले नाहीत. इतकं सोपं होतं, नाटकच तर होतं, तरी बसले नाहीत. त्यांच्या तोंडाचा रंग मी बघितला आणि मला त्या गोल टेबलावरचं माझं हसू आठवलं. ते हसू तिथेच संपलं.

पुण्याचे सर शहाणे. आवाज चढवला नाही. उलट आणखी गोड झाले. म्हणाले की तुमच्या भावनांचा आदर आहे मॅडम, आपण फक्त 'नंतर'चा भाग करू, 'आधी'चा भाग माझ्याकडे दुसरीकडून आहे. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. बोट टॅबवर होतं. दुसरीकडून म्हणजे कुठून हे मला विचारावं लागलं नाही. ती दुसरीकडची म्हणजे मीच.

"तो काढा," मी म्हटलं. "आता. माझ्यासमोर."

ते म्हणाले, इथे नेट नाही. खरं होतं. आमच्या कॉलेजात रेंज फक्त सायकल स्टँडमागच्या मोहाच्या झाडाखाली येते. मी म्हटलं, चला. मी पुढे, ते मागे, आणि मागून सगळा वर्ग. मी कोणाला चला म्हटलं नव्हतं. मोहाखाली पुण्याचे सर मोबाइल डोक्यावर धरून रेंज शोधत होते आणि मुलं कोंडाळं करून बघत होती. तो शेतकऱ्याचा मुलगाही होता, फुलवंताच्या शेजारी उभा. त्यानेच सांगितलं, सर, जरा इकडे सरका, इकडे जास्त येते.

व्हिडिओ गेला. मी माझ्या मोबाइलवर उघडून पाहिलं, गेला होता. मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मी थांबवलं. टाळ्या कशाच्या? त्यांच्या लॅपटॉपात तो असणारच. उद्या दुसऱ्या नावाने कुठे दिसेल, कोणाला ठाऊक. दुधाने तोंड पोळलेली मी. ताक पुढे आलं तरी आधी विचारणार, कोणी आणलं?

गाडीत सामान चढवताना विभागप्रमुख जवळ आले. रागावले की हिंदीत बोलतात. "आपने अच्छा नहीं किया, मॅडम." मी म्हटलं, हो. चांगलं करत होते तेव्हा तुम्ही माझी चिठ्ठी घेतली होती.

सत्र संपलं. इतरांचे आदेश निघाले, माझा नाही. एका सहकाऱ्याकडून निरोप आला की विभागप्रमुख सरांना एकदा भेटून घ्या, दोन शब्द नरमाईचे बोला, ते मनाने वाईट नाहीत. माणूस मनाने कसा आहे ते मला बघायचं नाही. मी हात बघते.

मी भेटायला जाणार नाही. सत्र सुरू होईल त्या दिवशी माझ्या तासाला मी वर्गात जाणार आहे. आदेश असो, नसो. ज्याला अडवायचं आहे त्याने दारात उभं राहावं आणि मुलांसमोर कारण सांगावं. फुलवंता पहिल्या बाकावर असेल. ती विचारेल, काऊन? तिने नाही विचारलं तर मी विचारेन. आणि उत्तर मिळेपर्यंत मी त्या दारातून हलणार नाही.