मॅडमचं मत

पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं काढून मॅडम सार्वजनिक धोरण शिकायला पुन्हा विद्यापीठात गेल्या, आणि भाचीच्या वयाच्या प्राध्यापिकेने त्यांचा निबंध तिसऱ्यांदा परत केला. विषय होता, पाणी कोणत्या वस्तीला आधी द्यावं. शेरा तोच: "यात तुमचं मत कुठे आहे?"

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी निबंध नवऱ्यापुढे आपटला. "सगळे नियम दिलेत, दोन्ही बाजू मांडल्यात, खाली 'योग्य निर्णयासाठी सादर' लिहिलंय. आणखी काय डोंबल हवंय हिला?"

"मत हवंय," नवरा म्हणाला. "रोज जेवताना मला ऐकवतेस ना, तेच."

मॅडम धुसफुसत लिहायला बसल्या. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी एकदा मत लिहिलं होतं, तेव्हा साहेबांनी कागदच फाडला होता. आज मात्र पेन थांबेना. टेकडीवरच्या वस्तीला आधी पाणी द्या, बंगलेवाल्यांना नंतर! चार पानं झाली. खाली सही ठोकली आणि त्या तशाच बसून राहिल्या.

"झालं?" नवऱ्याने विचारलं.

"झालं कुठलं!" मॅडम करवादल्या. "याच्यावर वरिष्ठांची सही लागेल ना? ती कोणाची घ्यायची, ते त्या बाईने सांगितलंच नाही!"