बोराटीखालची माकडशिंगं

रविवारची उपासना आटोपली की एस्तेरबाई छत्री घेऊन शिरूरच्या एसटी स्टँडवर उभ्या राहत. त्या वर्षांत इनामगावला उत्खननात जुनी मडकी निघत होती, म्हणून त्या गाडीला हौशी लोकांची गर्दी असे. बाई मात्र गावाच्या बऱ्याच अलीकडे, उजाड माळावर एकट्याच उतरत. कंडक्टरला वाटे, यांचं कुणीतरी तिथं पुरलेलं असावं.

आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो, त्या शास्त्र आणि मी मराठी. खोल्याही भिंतीला भिंत लागून. बाईंनी पन्नाशी ओलांडली होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि त्यांच्या दाराची कडी माझ्याखेरीज कुणी वाजवल्याचं मला आठवत नाही. मला गप्प बसवत नाही आणि दुसऱ्याचं गप्प बसणंही सोसवत नाही. मी मागेच लागले, तेव्हा म्हणाल्या, "चल. पण तिथं बोलायचं नाही."

माळावर एक बोराटीचं दाट काटेरी झुडूप होतं. बाई पदर सावरत त्यात शिरल्या, फांदी बाजूला धरली आणि मला वाकायला लावलं. खाली बोटाएवढे मांसल, चौकोनी, बिनपानांचे हिरवे दांडे उभे होते. ती माकडशिंगं. गुराखी त्यांचे शेंडे मोडून मिठाशी खातात. शेंड्यांना काळपट जांभळी, चिमुकली फुलं होती आणि त्यांच्या कडांचे केस वाऱ्यावर थरथरत होते. मी नाकाला पदर लावला.

"शी! बाई, काय हा वास!"

"तो तुझ्यासाठी नाहीच मुळी. माशीसाठी आहे," बाई म्हणाल्या. "आणि जरा सरक, तुझी सावली पडतेय."

मग त्या जवळच्या दगडावर बसल्या त्या उन्हं कलेपर्यंत. घाई केली की एकच वाक्य ठरलेलं, "कोण वाट बघतंय घरी?" वाट तर माझीही कुणी बघत नसे.

माळ सोपानमामांचा. बायको गेलेली, मुलगी सासरी, म्हातारा छपरात एकटाच. ते कोरा चहा आणून दगडाशी ठेवत आणि विचारत, "दिसलं का काय, बाई?"

"दिसलं, मामा."

दोघांचं संभाषण एवढंच, दर रविवारी. पण बाई त्यासाठी आठवडा काढत असाव्यात असं मला पुढे पुढे वाटायला लागलं.

बहात्तरच्या दुष्काळात माळावर गवताची काडी उरली नाही. बोराटीखालची माकडशिंगं सुरकुतली, पण तगली. नंतरच्या पावसात पुन्हा टरारली, तेव्हा बाईंनी माझा हात धरून दाबला होता.

त्यानंतरच्याच एका रविवारी आम्ही उतरलो तर बोराटी जमिनीपासून तोडलेली. मामा कुऱ्हाड घेऊन हसत उभे.

"तुमचं लुगडं सारखं फाटायचं, बाई. म्हनलं मोकळं करून टाकावं. आता खुशाल बसा!"

बाईंनी छत्रीची मूठ घट्ट धरली. "बरं केलंत, मामा. आता अगदी स्वच्छ दिसतं."

काटा गेल्यावर शेरडांना रान मोकळं झालं. महिन्याभरात तिथं नुसते दगड राहिले. परतीच्या गाडीत मी मामांच्या नावानं बोटं मोडायला लागले, तर बाईंनी मला दटावलं. "त्यांनी माझ्यासाठी केलं ते. माझ्यासाठी कुणी काही केल्याला किती काळ लोटला, ठाऊक आहे? त्यांना हे कळता कामा नये."

आणि निवृत्त होईपर्यंत बाई दर रविवारी त्या दगडांसमोर बसून आल्या. चहा यायचा. "दिसलं का काय?" "दिसलं, मामा." मला रडू यायचं.

पुढे त्या दौंडला भाच्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेल्या. भेटायला गेले तेव्हा परसात भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. "पाऊस सरला की एकदा जाऊ गं. मामांना वाटेल, विसरली." पाऊस सरता सरता तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या.

मामांना सांगायला मी माळावर गेले. मी तोंड उघडायच्या आत ते मला ओढतच बोराटीच्या जागी घेऊन गेले. तिथं काट्याच्या फांद्यांचा मोठा ढीग रचलेला होता.

"शेरडांनी खाल्ली, ते मला तवाच कळलं हुतं," मामा म्हणाले. "पर बोललो आस्तो, तर बाई कशाला आल्या आस्त्या हितं? त्यांचं येनं थांबल्यावर काटं आनून रचलं. मुळं जित्ती हुती. आजून कुनाला दावलं न्हाई. बाईंना कवा आनताय?"

मी सांगितलं.

मामा छपरात गेले. मी बाईंच्या दगडावर बसले आणि वाकून पाहिलं. काट्यांखाली दोन कोवळे दांडे होते, एकाच्या शेंड्याला फूल. पदर नाकाशी न्यावासा वाटला नाही.

मामांनी चहा आणून दगडाशी ठेवला. मग मला विचारलं, "दिसलं का काय, बाई?"

"दिसलं, मामा."