नातीचा कान आणि क्लासची प्रश्नावली

यावलच्या शेतात परवा भरिताची पार्टी झाली. तिथे माझ्या मुलाने पाहुण्यांना सांगितले, की क्लासने आमच्या नातीची शिकण्याची पद्धत अचूक ओळखली म्हणूनच ती जर्मनची परीक्षा पास झाली. मी तिथल्या तिथे विरोध केला. वांगी भाजण्याच्या गडबडीत तो कोणी मनावर घेतला नाही. म्हणून लिहितो.

नात परिचारिका आहे. जर्मनीतल्या नोकरीसाठी भाषेची परीक्षा सक्तीची होती. जळगावच्या क्लासने पहिल्याच दिवशी एक प्रश्नावली भरून घेतली आणि निर्णय दिला: ही मुलगी हातांनी शिकणारी, कानांनी नव्हे. मग तिने रंगीत कागदांवर शब्द लिहिले आणि ते सरकवून वाक्ये जुळवली. लेखनात उत्तम गुण मिळाले, श्रवणात नापास. पुन्हा नापास झाली असती तर नोकरी हातची जाणार होती.

श्रवणाचे विचारले तर म्हणाली, "आबा, मी त्या टाइपचीच नाही."

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. भूमिती जमत नाही म्हणून विद्यार्थ्याला भूमितीपासून लांब ठेवल्याने त्याचे भले झालेले मी पाहिलेले नाही. कोणाचा कान तल्लख असतो, कोणाचे पाठांतर. हे फरक खरेच असतात. पण उणीव जिथे असेल, कष्टही तिथेच करावे लागतात.

आम्ही रोज दुपारी ओसरीवर बसू लागलो. मोबाइलवर एक वाक्य लागे, ती ते म्हणून दाखवी. मला जर्मनचा एक शब्दही येत नाही. मात्र आवाज तोच उमटला की नाही, एवढे ओळखता येते.

"शेवट खाल्लास," मी म्हणे.

"तुमाले त्यातलं काय कयतं?" आतून माझी पत्नी विचारी.

"कळत काहीच नाही. कमी पडलेलं ऐकू येतं."

"मग तुम्हीच जा ना जर्मनीला!" नात चिडे, आणि तेच वाक्य पुन्हा लावी.

काही दिवसांनी खरी अडचण उघड झाली. अनोळखी शब्द आला की ती त्याच्याशीच झुंजत बसे आणि तोवर उरलेले वाक्य निघून जाई. तिचा कान चांगला होता. सवय वाईट होती. न समजलेला शब्द सोडून पुढे ऐकत राहणे, एवढ्या एकाच गोष्टीचा आम्ही सराव केला.

श्रवणात ती काठावर पास झाली. हा 'काठावर' माझा मुलगा पाहुण्यांना सांगत नाही.

निकाल लागला त्या दिवशी मी तिला सरळ विचारले, "खरं सांग, कशामुळे जमलं?"

"क्लासमुळे नाही आणि तुमच्यामुळेही नाही, आबा. मला भीती वाटायची. ती गेली."

हेही मला मान्य नाही. भीती आपली आपण उठून जात नसते. परंतु परीक्षेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ती एकटीच बसली होती, आणि परक्या रुग्णाचे दुखणेही तिला एकटीनेच ऐकून घ्यायचे आहे. म्हणून तिचे म्हणणे खोडण्याचा हट्ट मी धरला नाही.