फोटोतला डावीकडून पाचवा

अरुणा देवस्थळीबाईंना काम सांगणाऱ्याने निर्धास्त व्हावं, पण जरा सावधही राहावं. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत वीस वर्षं इतरांच्या अहवालांतल्या चुका काढलेली ही बाई. क्वीन्सटाउनमध्ये फ्लॅट घेतला, सिंगापूरची नागरिक झाली आणि दर सोमवारी संध्याकाळी सत्ताधारी पक्षाच्या शाखेत बसून रहिवाशांची पत्रं लिहू लागली. कुणाला फ्लॅट बदलून हवा असे, कुणाच्या परदेशी सुनेचा इथे राहण्याचा पास अडकलेला असे. बाईंचा नियम एकच: ज्याचं पत्र त्याला वाचून दाखवल्याशिवाय पाठवायचं नाही.

यंदा शाखेच्या वर्धापनदिनाला भिंतीवर पक्षाचा इतिहास लावायचं ठरलं आणि तो अर्थातच बाईंच्या गळ्यात पडला. साठाहून जास्त वर्षं एकाच पक्षाची सत्ता, तेव्हा मजकुराला तोटा नव्हता. पण १९५९च्या फोटोपाशी बाई अडल्या. पांढऱ्या शर्टातले पाच तरुण, खाली नावं मात्र चार. डावीकडून पाचवे होते दहाव्या मजल्यावरचे ओंग अंकल. १९६१ला पक्ष फुटला तेव्हा ते बाहेर पडले. शाखा त्यांच्याच ब्लॉकच्या तळमजल्यावर, पण त्यांनी आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

शाखेचे सचिव लिम यांना ते नाव नको होतं. फोटोत त्यांचे वडील ओंगच्या खांद्यावर हात टाकून उभे होते, आणि फुटीनंतर दोघं जन्मात बोलले नाहीत, असं लिम सांगत. बाईंना रागच आला. माणूस धडधडीत समोर दिसतोय आणि त्याला नाव नाही? तरी त्यांनी बेताने तोडगा काढला: 'ओंग, सुरुवातीचे कार्यकर्ते.' एवढंच. लिमनी मान डोलावली.

नियमाप्रमाणे बाई कागद घेऊन वर गेल्या. शहाऐंशी वर्षांच्या अंकलनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली आणि कागद परत दिला.

"एवढंच असेल तर नाव नको," ते म्हणाले. "मी सोडून गेलो, विचार करून गेलो. तेही लिही."

बाई ओशाळल्या. दुसऱ्यांनी गाळलेली ओळ पकडण्यात हयात गेली, आणि इथे त्यांनीच ओळ गाळली होती. तिथेच बसून त्यांनी ती घातली आणि वाचून दाखवली.

लिमनी विचारलं, शेवटचं वाक्य काढता येणार नाही का?

"येईल की," बाई म्हणाल्या. "मग फोटोही काढून टाकू."

वडिलांचा फोटो काढून टाकायला लिम धजेनात.

वर्धापनदिनाला ओंग अंकल खाली आले. लिमनी स्वतः त्यांच्यासाठी खुर्ची आणली, पण अंकल बसले नाहीत. भिंतीजवळ जाऊन त्यांनी सगळं वाचलं आणि फोटोत आपल्या शेजारी उभ्या लिमच्या वडिलांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"यानं मला दोनदा परत बोलावलं होतं," ते लिमना म्हणाले. "मीच आलो नाही. तेही लिहा."

 लिमनी बाईंकडे पेन मागितलं.